ऑइल प्रेशर गेज किट: ऑइल बदलल्यावर इंजिन वाजत असेल तर घ्यावं का?

ऑइल बदलून गाडी बाहेर काढली आणि इंजिनातून टिकटिक किंवा खडखड ऐकू यायला लागली, की बहुतेक जण ‘टॅपेटचा आवाज बंद’ करणाऱ्या बाटल्या शोधायला लागतात. बाटलीच्या आधी एक आकडा हातात हवा: इंजिनात ऑइलचं प्रेशर नेमकं किती आहे? हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्हमधली फट ऑइलने भरून काढणारे भाग), टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ही तिन्ही ऑइलच्या प्रेशरवर चालतात. प्रेशर उशिरा पोचलं किंवा कमी पडलं, की पहिला आवाज यांचाच येतो. तो आकडा दाखवणारं साधन म्हणजे मेकॅनिकल ऑइल प्रेशर गेज किट.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा यासाठी पुरत नाही. बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे प्रेशरचं एकक) खाली प्रेशर गेल्यावरच दिवा लावतो. गरम इंजिनाला ३००० आरपीएमला तीन बार हवेत आणि मिळतोय एक, तरी दिवा विझलेलाच राहतो. दिवा लागत नाही म्हणून प्रेशर ठीक आहे, ही समजूत बेअरिंग खाऊन टाकते.

मात्र किटची पेटी उघडण्याआधी फुकटातल्या तपासण्या उरकाव्यात. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटं थांबून डिपस्टिक पुसून पाहा. नवा फिल्टर रिकामा असतो आणि पहिल्या स्टार्टला दोनशे ते पाचशे मिली ऑइल पिऊन घेतो, त्यामुळे भरताना बरोबर दिसलेली पातळी नंतर खाली जाते. जास्त भरलेलंही तितकंच वाईट. क्रँकशाफ्ट त्यात आपटून फेस करतो, टॅपेटमध्ये ऑइलऐवजी हवा जाते आणि टिकटिक सुरू होते. पातळी खूपच वर दिसली तर आणखी एक शक्यता पाहावी. घाईत इंजिनाऐवजी गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग उघडला गेलेला असतो, म्हणजे इंजिनात जुन्यावर नवं ऑइल आणि गिअरबॉक्स कोरडा. अशा वेळी गाडी जागची हलवू नये.

मग ग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३० मधला शेवटचा आकडा. १०० अंशाला २० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी (जाडी) ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक असते, ३० ची ९.३ ते १२.५, ४० ची १२.५ ते १६.३. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सांगितलंय आणि ०डब्ल्यू-२० भरलंय, तर गरम झाल्यावर आवाज वाढू शकतो. उलट फार जाड ऑइल थंड स्टार्टला वरपर्यंत उशिरा पोचतं. शेवटी इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर हाताने हलवून पाहा, कारण ऑइल बदलताना ते काढलेलं असतं आणि एखादा स्क्रू राहिला की ते इंजिनाच्या आवाजासारखंच खडखडतं. एक्झॉस्टचं पत्र्याचं हीट शील्डही तसंच. एअर फिल्टरही बदलला असेल तर त्याच्या डब्याच्या क्लिपा पाहून घ्याव्यात.

आवाज जड आणि खोल असेल, एक्सिलरेटर दिल्यावर ठोक्यासारखा वाढत असेल, तर गेज लावण्यासाठीसुद्धा इंजिन चालवू नये. टॅपेटची टिकटिक हलकी असते, वरून येते आणि क्रँकच्या निम्म्या वेगाने पडते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका खालून येतो. त्याचं उत्तर गाडी टो करणं एवढंच.

हे सगळं ठीक निघालं आणि आवाज आहेच, तर किटची खरी गरज आहे.

पेटीत एक डायल, अर्धा ते दीड मीटर पाईप आणि आठ-दहा अडॅप्टर असतात. एकाच घडणीचे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, म्हणून नावापेक्षा तीन गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली, डायलची रेंज. स्वस्त किटमध्ये ० ते १० बारचा डायल असतो आणि त्यावर बारीक अक्षरात अचूकतेचा वर्ग २.५ लिहिलेला असतो. हे अडीच टक्के पूर्ण रेंजचे असतात. म्हणजे काटा कुठेही असो, चूक अधिक-उणे ०.२५ बार. चार बार मोजताना ती खपते. गरम आयडलिंगला एक बार मोजताना तोच आकडा ०.७५ आहे की १.२५, हे कळत नाही, आणि निदान नेमकं तिथेच अडतं. त्यामुळे ० ते ७ बारचा आणि शक्यतो १.६ वर्गाचा डायल घ्यावा, मग चूक ०.११ बारच्या आसपास राहते. ग्लिसरीन भरलेला डायल असेल तर काटा थरथरत नाही. काटा शून्यावरच्या खिळ्याला टेकून बसणारा डायल टाळावा, कारण शून्य सरकलं असेल तर तो खिळा ते लपवतो.

दुसरी, पाईप. गरम ऑइल तीन-चार बारने या पाईपमधून जातं आणि शेजारी एक्झॉस्ट असतो. पाईप सुटला तर आगीचा धोका आहे. दाबून बसवलेली नळी आणि वर साधा क्लिप असेल तर तो संच घेऊच नये. दोन्ही टोकांना क्रिम्प केलेली, ऑइलला टिकणारी नळी हवी.

तिसरी, अडॅप्टरचे आटे. बहुतेक तक्रारी इथूनच येतात आणि त्या रास्त आहेत. अनेक जपानी व कोरियन इंजिनांत प्रेशर स्विचला १/८ बीएसपीटी, म्हणजे ब्रिटिश मापाचे निमुळते (टेपर) आटे असतात. त्यांत इंचाला २८ आटे, कोन ५५ अंश. किटमध्ये मात्र अमेरिकन मापाचा १/८ एनपीटी येतो: इंचाला २७ आटे, कोन ६० अंश. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. दोन-तीन फेरे हाताने जातात आणि मग अडकतं. तिथे पाना लावून जोर केला की अॅल्युमिनियमच्या ब्लॉकचे आटे जातात किंवा तिथे चीर पडते. गाडीतून काढलेल्या स्विचशेजारी अडॅप्टर धरून आटे एकमेकांत बसवून पाहावेत. उजेडात फट दिसली तर तो चुकीचा. युरोपियन गाड्यांसाठी एम१० बाय १, एम१२ बाय १.५, एम१४ बाय १.५ हे हवेतच. अडॅप्टरवर माप कोरलेलं नसेल तर किट परत करावं.

पहिल्यांदा लावायचं काम इंजिन थंड असताना करावं. स्विच बहुतेक वेळा फिल्टरजवळ किंवा सिलिंडर हेडच्या टोकाला असतो. कनेक्टर काढा, खाली कापड धरा, स्विच सोडवा. टेपर आट्यांवर सीलंट लावताना टोकाचा पहिला आटा कोरडा ठेवा आणि टेफ्लॉन टेप टाळा, कारण तिचा तुकडा ऑइलच्या वाटेत गेला तर टॅपेटची बारीक भोकं बुजतात. सरळ आट्यांना तांब्याचा नवा वायसर. अडॅप्टर आधी पूर्ण हातानेच बसला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळणीला. पाईप पंखा, बेल्ट आणि एक्झॉस्टपासून लांब बांधला की स्टार्ट करा आणि लगेच गळती पाहा.

पहिलं वाचन रात्रभर उभ्या गाडीच्या थंड स्टार्टचं घ्यावं. सगळ्यात जास्त माहिती याच काही सेकंदांत मिळते. काटा एक-दोन सेकंदांत वर गेला तर वाट साफ आहे. चार-पाच सेकंद शून्यावर रेंगाळला, तोपर्यंत खडखड झाली आणि मग सगळं शांत झालं, तर फिल्टर संशयित. फिल्टरच्या तोंडाशी रबराची चकती असते, अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरू नये म्हणून ती असते. आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरमध्ये ही चकती कडक निघाली की रात्रीत वाट रिकामी होते. सिलिकॉनची चकती उष्णतेत नायट्राइल रबरापेक्षा जास्त काळ मऊ राहते. कंपनीने सांगितलेल्या पार्ट नंबरचा फिल्टर लावून पुन्हा मोजावं, काटा लवकर उठला तर काम झालं.

दुसरं वाचन पूर्ण गरम इंजिनाचं. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल मागेच असतं, त्यामुळे थंड वाचनानंतर गेज काढून स्विच परत बसवावा, पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवावी आणि मग गेज पुन्हा लावावं. मात्र मग स्विच काढताना ऑइल गरम असतं, हातमोजे हवेत. आयडलिंग आणि ३००० आरपीएम अशी दोन वाचनं घेऊन मॅन्युअलशी ताडून पाहावीत. दर हजार आरपीएमला ०.७ बार हा जुना ठोकताळा मॅन्युअल मिळत नसेल तेव्हापुरता ठीक. नव्या इंजिनांत पंप गरजेनुसार प्रेशर मुद्दाम कमी ठेवतो, तिथे तो लागू होत नाही.

थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर कमी, तर ऑइल पातळ आहे, त्यात पेट्रोल-डिझेल मिसळलंय किंवा बेअरिंग झिजलेत. दोन्ही वेळा कमी, तर चेंबरमधली जाळी, पंप किंवा जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला. कार्ट्रिज फिल्टर (डब्याशिवाय, नुसता आतला कागदी भाग बदलायचा) असेल तर आधी त्याच्या दांड्याची छोटी ओ-रिंग पाहावी, कारण ती जुन्या फिल्टरबरोबर निघून गेली की ऑइल मधूनच परत वळतं. ऑइल बदलताना इंजिन आतून धुणारा फ्लश वापरला असेल तर सुटलेला गाळ जाळीवर बसलेला असू शकतो. ऑइलमध्ये बुडालेला टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनांत बेल्टचे तुकडेही तिथेच अडकतात. दोन्हींसाठी चेंबर खाली घ्यावं लागतं. काटा सतत नाचत असेल तर पंप हवा ओढतोय, पातळी पुन्हा पाहा.

प्रेशर सगळीकडे बरोबर आणि तरी टिकटिक, हे वाचन अनेकांना निरुपयोगी वाटतं. आमच्या मते किटचा सगळ्यात मोठा फायदा हाच. आता ऑइल बदलत बसायचं नाही, हे पक्कं होतं. शोध एखाद्या अडकलेल्या टॅपेटकडे, हाताने लावायच्या टॅपेट क्लिअरन्सकडे किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटकडे वळतो. गॅस्केटची टिकटिक इंजिन गरम झाल्यावर कमी होते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरची टिकटिक मुळातच असते, बोनेट उघडल्यावर ती पहिल्यांदा लक्षात येते इतकंच. जाड करणारी अॅडिटिव्ह यातलं काहीच दुरुस्त करत नाहीत, आणि प्रेशर खरंच कमी असेल तर आवाज दाबून तेही लपवतात.

घरी ऑइल बदलणाऱ्यांनी आणि जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे किट घ्यावं, ० ते ७ बारचं, माप कोरलेल्या अडॅप्टरचं. स्विचपर्यंत हातच पोचत नाही अशा गाडीला ते गॅरेजमध्ये लावून घ्यावं आणि तिन्ही वाचनं कागदावर लिहून मागावीत: थंड स्टार्ट, गरम आयडलिंग, ३००० आरपीएम. काम झाल्यावर स्विच नव्या वायसरसह मॅन्युअलच्या टॉर्कने बसवावा, किल्ली ऑन केल्यावर लाल दिवा लागतो आणि स्टार्टनंतर विझतो हे पाहावं, आणि दुसऱ्या दिवशी स्विचखाली कागद धरून थेंब पडत नाही याची खात्री करावी.