रायोलीचं डायनासोर संग्रहालय: बडोद्याच्या संडे स्कूलसाठी

बायबलमधला उत्पत्तीचा पहिला अध्याय (सहा दिवसांत सृष्टी) शिकवणाऱ्यांनी बालासिनोरजवळचं हे संग्रहालय मुलांना जरूर दाखवावं. बडोद्याहून सकाळी लवकर निघा, जीवाश्म उद्यान उघड्यावर आहे. आतल्या प्रतिकृती छानच, पण खरा वेळ बाहेरच्या खडकांना द्या.

इथे सापडलेला डायनासोर राजासॉरस सुमारे ६.७ कोटी वर्षांपूर्वीचा. 'हे कार्बनने मोजलं का?' असं मुलं हमखास विचारतात. नाही. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. पन्नासेक हजार वर्षांपलीकडे तो निरुपयोगी. मोजतात तो दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, आर्गॉन पद्धतीने (पोटॅशियमचं किती आर्गॉन झालं ते पाहून): सुमारे ६.६ कोटी वर्षं. हाडांचा थर त्याखालचा, म्हणून अधिक जुना.

आणि सृष्टीच्या निर्मितीचं इ.स.पू. ४००४ हे साल म्हणजे आर्चबिशप अशर यांचं १६५० सालचं गणित आहे, शास्त्रवचन नव्हे. संत ऑगस्टीननेही ते सहा दिवस चोवीस तासांचे मानले नव्हते. हे निघण्याआधीच सांगा, म्हणजे तिथे कुणाच्या श्रद्धेला धक्का बसणार नाही.