टर्बो गेल्यावर इंजिनात बघायला घेतलेला कॅमेरा : नऊ महिन्यांचा अनुभव

मागच्या जुलैत मी मोबाइलला जोडायचा एक बारीक कॅमेरा घेतला. लांब वायर, टोकाला साडेपाच मिलिमीटर जाडीचा कॅमेरा, त्याच्याभोवती बारके एलईडी. किंमत साडेअठराशे रुपये. गॅरेजात याला एंडोस्कोप म्हणतात, आमच्या कारखान्यात बोअरस्कोप. माझ्या डिझेल गाडीचा टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) गेला होता आणि इंजिन खोलायचं की नाही, एवढं ठरवायला तो हवा होता. नंतर पाव्हणे, शेजारी, कामावरची माणसं मिळून अकरा इंजिनांत तो गेला. अशा कॅमेऱ्यांबद्दल ‘पिक्चर क्लिअर आहे’ यापुढे कोणी लिहीत नाही. पण आतलं बघून इंजिनाबद्दल काही ठरवता येतं का, हे घेणाऱ्याला कळायला हवं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. भोकाचा आतला व्यास मोजायचा बोअर गेज रोज हातात असतो, त्यामुळे बोअर (सिलिंडरची आतली पोकळी), रिंगा (पिस्टनभोवतीची कडी), होनिंग (बोअरच्या भिंतीवर मुद्दाम पाडलेल्या बारीक रेघा) हे शब्द नवीन नव्हते. पण चालत्या गाडीचं इंजिन न खोलता आतून कसं दिसतं, हे कधी बघितलं नव्हतं.

पणजीहून चोर्ला घाटाने परत येत होतो. पाऊस मुसळधार. घाट चढून कणकुंबी मागे टाकली आणि बॉनेटमधून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. जांबोटीच्या अलीकडे तो एकदम चढला, खटकन काहीतरी झालं आणि गाडीचा दमच गेला. आरशात बघितलं तर मागे निळा धूर. गाडी कडेला घेऊन चावी फिरवली, तरी इंजिन तीन-चार सेकंद तसंच चालत राहिलं आणि मग बंद पडलं. त्या तीन-चार सेकंदांत माझे हातपाय गार पडले. टर्बोच्या सीलमधून इंजिन ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरात जायला लागलं, की डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळतं. चावी काढली तरी थांबत नाही, आरपीएम वाढतच जातो. असं झालं तर टॉप गिअर टाकायचा, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. मॅन्युअल गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे.

परत स्टार्ट करून बघायचा मोह आवरला, आणि पुढचं सगळं त्यामुळेच वाचलं असं मला वाटतं. गाडी टो करून बेळगावात आणली.

मेस्त्रींनी हवेचा होज काढून टर्बोच्या चाकाला बोट लावलं. चाक वरखाली हलत होतं, कडा घराला घासून खाल्लेल्या, आणि दोन पात्यांची टोकं जाग्यावर नव्हती. मेस्त्री म्हणाले, “टोकं आत गेलीत बघा. हेड खोलल्याशिवाय काय कळणार नाही. काम निघालं म्हणून समजा.” त्यांचं चुकलं नव्हतं. जे दिसत नाही ते खोलूनच बघायचं, याच पद्धतीने त्यांनी तीस वर्षं काम केलंय. पण हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उचलायचं म्हणजे गॅसकेट आलं, नवे हेड बोल्ट आले, टायमिंगचं काम आलं, मशिन शॉप आलं. मी चार दिवस मागितले आणि कॅमेरा मागवला.

पहिला कॅमेरा चुकीचा निघाला. मी ८ मिलिमीटरचा घेतला होता, कारण त्याचं चित्र चांगलं येतं असं वाचलं होतं. पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगचं भोक बहुतेक १४ मिलिमीटरचं असतं, तिथे तो आरामात जातो. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. आत जायच्या वाटा दोनच, हीटर प्लगचं (गार इंजिन चालू करताना आत ऊब देणारा) भोक किंवा नोझलचं (डिझेल आत फवारणारं). नोझलचं टोक जिथे बसतं ते भोक आताच्या बऱ्याच (कॉमन रेल) डिझेल गाड्यांत सातेक मिलिमीटरचं असतं आणि हीटर प्लगचं त्याहूनही बारीक. म्हणून ८ चा परत करून साडेपाचचा मागवला. हीटर प्लगमधूनच बघायचं असेल तर ३.९ चा मिळतो, पण त्याचा उजेड कमी पडतो. डिझेलवाल्यांनी आधी आपल्या गाडीचं भोक मोजावं, मग ऑर्डर द्यावी.

आता पात्यांची ती दोन टोकं. टर्बोला दोन चाकं असतात. एक सायलेन्सरच्या बाजूला, ते धुराच्या जोरावर फिरतं. दुसरं हवेच्या बाजूला, ॲल्युमिनियमचं. छोट्या गाडीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. सायलेन्सरच्या बाजूचं चाक तुटलं तर तुकडे धुराबरोबर पुढे जातात. हवेच्या बाजूचं तुटलं तर तुकडे इंजिनाकडे निघतात, पण मध्ये हवा गार करणारा इंटरकूलर असतो आणि त्याच्या बारीक वाटांत मोठा तुकडा सहसा अडकतो. म्हणून कॅमेरा आधी इंजिनात न घालता इंटरकूलरच्या तोंडात घातला. खालच्या टाकीत ऑइलचं तळं साचलेलं, आणि त्यात जाळीच्या तोंडाशी आडवं पडलेलं एक टोक! मेस्त्रींचा पोऱ्या मोबाइलकडे बघून ओरडला, “अण्णा, नोड्री इल्ली!” (बघा इथे!) दुसरं टोक अखंड सापडलं नाही. पण ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळलं तेव्हा तांदळाच्या कणीएवढे चार-पाच तुकडे आणि चंदेरी कीस मिळाला. चुंबकाला काही चिकटलं नाही, म्हणजे ॲल्युमिनियमच. इंटरकूलर धुऊन परत लावायचा मोह होतो, किंमत बघून तर फारच. पण त्या जाळीत अडकलेली कणी कधी सुटेल सांगता येत नाही. मी नवा घातला.

मग सिलिंडर. नोझल काढायच्या आधी भोवतीची धूळ हवेने उडवली, नाहीतर तीच आत पडते. काढलेल्या नोझलांवर नंबर टाकून ठेवले, कारण कॉम्प्युटरमध्ये कुठल्या सिलिंडरला कुठलं नोझल याची नोंद असते. अदलाबदल चालत नाही. परत बसवताना तांब्याचे वॉशर नवे. बॅटरी काढली, गाडी न्यूट्रलला, आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. सिलिंडरात ऑइल साचलं असेल आणि थेट सेल्फ मारला तर ऑइल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. भोकं उघडी असताना हाताने फिरवलं तर ऑइल वर येऊन बाहेर पडतं. आमच्या दुसऱ्या सिलिंडरातून चमचाभर आलं.

कॅमेऱ्यात बघायचं ते असं. पिस्टन तळाला न्यायचा, मगच कॅमेरा आत, आणि कॅमेरा आत असताना पुलीला कोणी हात लावायचा नाही. बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या तर जीव भांड्यात पडतो. उभ्या रेघा दिसल्या तर काहीतरी घासून गेलंय. पिस्टनचा माथा डिझेलमध्ये काळाच असतो. धातूची कणी आपटली असेल तर त्या काळ्यात चमकणारा ताजा खड्डा दिसतो. व्हॉल्व बघायला बाजूला बघणारी लेन्स लागते. कडेला टवका किंवा एका बाजूला कार्बन उडालेला दिसला तर संशय घ्यायचा.

दुसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनवर मला चमकणारा ठिपका दिसला. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी कॅमेऱ्याचा उजेड कमी केला आणि कोन बदलून बघितलं, तर ठिपका सरकला. ऑइलच्या थेंबावर एलईडीच चमकत होता. खड्डा असता तर जाग्यावरच राहिला असता. उजेड तीन पायऱ्यांत कमी-जास्त करून प्रत्येक जागा दोन कोनांतून बघायची, हे मी तेव्हा शिकलो, आणि ज्याला कॅमेरा देतो त्याला आधी हेच सांगतो. दुसरा भास आकाराचा. लेन्स भिंतीपासून दोन सेंटिमीटरवर आली की केसाएवढी रेघ दोरीएवढी दिसते. मोबाइलवर बघून घाबरायचं नाही. शेजारच्या सिलिंडरात तशीच रेघ आहे का, ते आधी बघायचं.

चारही सिलिंडर स्वच्छ दिसले. तरी एवढ्यावर ‘इंजिन चांगलं’ म्हणायचं नाही. व्हॉल्व एखाद्या केसाएवढा वाकला असेल तर कॅमेऱ्यात कळत नाही, रिंग मोडली असेल तर ती पिस्टनच्या खाचेत लपलेली असते. म्हणून प्रत्येक सिलिंडरात दाब किती तयार होतो ते मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट केली : ३९५, ३९०, ४००, ३८५ पीएसआय. आकडा केवढा यापेक्षा चौघांत फरक किती, हे जास्त महत्त्वाचं. इथे तो नगण्य होता. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या पसरल्या. पिवळसर चकाकी होती, ती टर्बोच्या बेअरिंगची. म्हणून इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळीही साफ केली. हेड काही खोललं नाही.

टर्बो का गेला, ते कॅमेरा सांगत नाही. टर्बोला ऑइल नेणाऱ्या बारीक पाइपच्या बोल्टमध्ये जाळी असते, ती जळलेल्या ऑइलच्या काजळीने जवळजवळ बुजली होती. ऑइल दहा हजारांवर बदलायचं ते मी चौदा हजारांपर्यंत ओढलं होतं, आणि घाट चढून आल्या आल्या गाडी बंद करायची सवय होती. गरम टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच करपतं. नवा टर्बो घालून जुनाच पाइप ठेवला तर नवाही त्याच वाटेने जातो. पाइप, बोल्ट, ऑइल, फिल्टर सगळं नवं घातलं. टर्बोची कोअर (शाफ्ट आणि चाकं असलेला आतला भाग) कोल्हापुराहून बॅलन्स करून आणली. तेव्हापासून गाडी नऊ हजार किलोमीटर फिरली. मागच्या आठवड्यात इंटरकूलरचा होज काढून बघितला, आत कोरडा.

दुसरी गोष्ट निपाणीची, आणि ती ऐकून कॅमेऱ्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळेल. एका पाव्हण्यांकडे बाहेरून आलेली जुनी पेट्रोल गाडी आहे, सुपरचार्जरची. सुपरचार्जरही टर्बोसारखी हवाच दाबून भरतो, पण तो धुरावर चालत नाही, इंजिनाच्याच बेल्टवर फिरतो. आत दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. पुढच्या गिअरांना स्वतंत्र ऑइल असतं. त्यांच्या गाडीत ते ऑइल सीलमधून गळून संपलं, बेअरिंग खेळायला लागलं आणि रोटर घराला घासले. घरघर येत होती तरी त्यांनी तीन दिवस गाडी चालवली. त्या गाडीत सुपरचार्जर थेट मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) बसलेला, मध्ये अडवायला काही नाही. जे झिजलं ते सरळ सिलिंडरात.

प्लग काढले तेव्हाच मला शंका आली. चौथ्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक चंदेरी ठिपके होते. कॅमेरा घातला तर चौथ्या बोअरला वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा, होनिंगचा मागमूस नाही. कॉम्प्रेशन तीन सिलिंडरांत १७० च्या आसपास, चौथ्यात १२०. मग पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरली आणि कान लावला. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. इथे ऑइल भरायच्या तोंडातून येत होती, म्हणजे रिंगा आणि बोअर. पाव्हण्यांना सांगताना वाईट वाटलं, पण तिथे इंजिन खोलणंच बरोबर होतं. खोलल्यावर कॅमेऱ्यात दिसलं तेच निघालं.

आता वस्तूबद्दल. वायफायवाला घेऊ नका. चित्र मागे राहतं आणि हात पुढे जातो. टाइप-सीचा थेट जोडायचा घ्या. वायर दोन मीटर पुरते, दहा मीटरची नुसती गुंतते. वायर वाकवली की तशीच राहणारी हवी, लुळी आत वळत नाही. सोबत आरसा, हुक, चुंबक देतात, ते टोकाला नुसते अडकवलेले असतात. सिलिंडरात ते कधीही लावू नका. माझ्याकडचा आरसा टेबलावरच दोनदा निसटला, तो आत पडला असता तर हेड खोलावंच लागलं असतं. दोन लेन्सचा (एक समोर, एक बाजूला बघणारी) कॅमेरा असेल तर आरशाची गरजच पडत नाही.

वीसेक मिनिटांनी टोक तापतं आणि चित्रात दाणे येतात. पाच मिनिटं बाहेर काढून ठेवलं की ठीक होतं. पावसाळ्यात कोमट इंजिनात घातला की काचेवर लगेच वाफ धरते, म्हणून इंजिन पूर्ण गार झाल्यावरच बघतो. ऑइल लागलेली काच मऊ फडक्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. पेट्रोलने पुसली तर टोकाचा गोंद सुटतो, माझा थोडा सुटलाच. सातव्या महिन्यात टोकाजवळचं प्लॅस्टिकचं आवरण सैल झालं. तेव्हापासून प्रत्येक वेळी आत घालायच्या आधी आणि बाहेर काढल्यावर टोक ओढून बघतो आणि सगळं जाग्यावर आहे का ते मोजतो.

साडेअठराशेत हेड वाचलं, म्हणून मला तो महाग वाटला नाही. पुन्हा घ्यायचा झाला तर दोन लेन्सचा साडेपाचचाच घेईन आणि त्याच्यासोबत कॉम्प्रेशन गेजही घेईन. आमच्या मेस्त्रींनी दिवाळीनंतर दोन्ही घेतलेत.