वॉस्प: एकट्याने चालवायच्या फॉइलिंग बोटीचं परीक्षण

वॉस्प ही एका माणसाची शिडाची बोट. लांबी 3.35 मीटर, दोन्ही बाजूंचे पंख धरून रुंदी 2.25 मीटर. खाली ॲल्युमिनियमच्या दोन फॉइल (पाण्याखालची पंखासारखी पाती), एक मधोमध आणि एक सुकाणूला, दोन्ही उलट्या 'टी'च्या आकाराच्या. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असतं, म्हणून एवढ्याशा आडव्या पात्यांवर बोट आणि माणूस दोन्ही उचलले जातात आणि हल, म्हणजे बोटीचं धड, पाण्यातून पूर्ण सुटतो. आराखडा ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू मॅकडूगल यांचा. मॉथ या एकट्याच्याच फॉइलिंग बोटींच्या वर्गात गाजलेली माक टू हीसुद्धा त्यांचीच.

तुलना मॉथशी होणारच. मॉथच्या नियमांत लांबी, रुंदी, शिडाचं क्षेत्रफळ अशा मोजक्याच गोष्टी बांधलेल्या आहेत, बाकी रान मोकळं. त्यामुळे तिथे दर मोसमात नवी फॉइल, नवा वाँड (उडण्याची उंची राखणारी काठी) आणि नवा खर्च. वॉस्प मात्र एकाच साच्याची, सगळ्यांची सारखी. तिची ॲल्युमिनियमची फॉइल मॉथच्या कार्बन फॉइलपेक्षा जाड आहे, म्हणून पाण्याचा अडथळा जास्त, आणि उडायला वाराही थोडा जास्त लागतो. हवेत मॉथ सरस, यात वाद नाही. पण ट्रॉलीवरून पाण्यात जाणं, उडणं, आपटणं आणि सगळे भाग शाबूत ठेवून परत येणं या साखळीत वॉस्प पुढे आहे. शिकणाऱ्याचा निम्मा वेळ याच साखळीत जातो.

जोडणीत पहिला नंबर पंखांचा. चौकटी बसवल्या की ट्रँपोलीन, म्हणजे बसायचं जाड कापड, दोरीने ताणायचं. ही दोरी एका दमात ओढून गाठ मारू नये. प्रत्येक छिद्रातली ढील पुढच्या छिद्राकडे सरकवत दोन-तीन फेऱ्या घ्याव्यात, आणि एकदा पाण्यात जाऊन आल्यावर पुन्हा ताणावं, कारण नवी दोरी हमखास सैल पडते. ट्रँपोलीन झोळीसारखं लोंबलं तर बोट वाऱ्याच्या बाजूला झुकवताना ते पाण्याला लागतं आणि चढत आलेला वेग तिथेच मरतो.

या बोटीचं खरं यंत्र म्हणजे वाँड, पुशरॉड (जोडणारा दांडा) आणि फ्लॅप (फॉइलची वळणारी मागची पट्टी). उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग 7 नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला सुमारे 1.85 किलोमीटर) 14 झाला की उचल चौपट. ती आवरली नाही तर बोट चढत चढत फॉइलसकट पाण्याबाहेर येईल. ते आवरायचं काम नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, वाँड करतो. ही एक पातळ काठी, खालचं टोक पाण्यात घासत राहणारं. बोट खाली असते तेव्हा पाणी वाँडला मागे रेटतं, तो रेटा पुशरॉडमधून मुख्य फॉइलच्या फ्लॅपपर्यंत जातो, फ्लॅप खाली वळतो आणि उचल वाढते. बोट वर आली की इलॅस्टिक वाँडला पुढे खेचतं, फ्लॅप सपाट होतो, मग किंचित वर वळतो आणि उचल कमी होते. मोटर नाही, बॅटरी नाही. सेकंदाला कितीतरी वेळा ही दुरुस्ती आपोआप चालू असते.

म्हणून किनाऱ्यावर फॉइल पूर्ण बसवून एक तपासणी न चुकता करावी. वाँड हाताने पूर्ण मागे न्या: फ्लॅपची मागची कड खाली गेली पाहिजे. वाँड सोडा: इलॅस्टिकने तो झटकन पुढे आला पाहिजे आणि फ्लॅप सपाट किंवा जरासा वर दिसला पाहिजे. वाँड हलतो पण फ्लॅप उशिरा हलतो, असं दिसलं तर जोडांमध्ये खेळ आहे. दोन-तीन मिलिमीटरचा खेळही बोटीला पाण्यावर घोड्यासारख्या उड्या मारायला लावतो. इलॅस्टिक ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि सगळ्यात जास्त घात तीच करते. ते तुटलं की वाँड मागेच लोंबत राहतो, फ्लॅप कायम खाली, बोट वर वर चढत जाते आणि फॉइल पाण्याबाहेर येताच नाक खाली करून आदळते. उन्हात ठेवलेलं इलॅस्टिक लवकर कडक होतं. त्याला लहानशा भेगा दिसल्या की बदलून टाकावं.

सुकाणूच्या फॉइलचा कोन ही दुसरी किल्ली. त्याने बोटीचं नाक वर-खाली होतं, म्हणजे पर्यायाने मुख्य फॉइल पाण्याला कुठल्या कोनात भिडते ते ठरतं. नाक फार खाली असेल तर भरपूर वारा असूनही बोट पाण्याला चिकटून राहते. फार वर असेल तर सुटताक्षणी उसळते. मधल्या खुणेवर सुरुवात करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वाँडची लांबी, उंचीचा ताबा (किती वर उडायचं ते ठरवणारी जुळणी) आणि सुकाणूचा कोन एकदम फिरवणाऱ्याला नेमकं काय लागू पडलं ते कधीच कळत नाही.

शीड आणि मास्ट, म्हणजे डोलकाठी, फारसा त्रास देत नाहीत. मास्टला बाजूच्या तारा नाहीत. हा मॉथपेक्षा मोठा फायदा आहे, कारण आपटताना माणूस पुढे फेकला जातो आणि तार म्हणजे थेट मान किंवा खांदा. मास्ट शिडाच्या बाहीत घालून, बॅटन (शिडातल्या आडव्या पट्ट्या) ताणून, नाळ वाऱ्याकडे ठेवूनच उभी करावी. शिडं वेगवेगळ्या मापांची मिळतात, त्यांत 8.2, 6.9 आणि 5.8 चौरस मीटर ही येतात. ढोबळ हिशोब असा: 70 किलोच्या पुढच्याला 8.2, त्याखालच्या वजनाला 6.9, शाळकरी मुलांना 5.8. शिकताना वारा 15 नॉटच्या वर असेल तर भारी माणसानेही 6.9 लावावं. कमी शिडाने फार काही बिघडत नाही, जास्त शिडाने मात्र पहिले दोन महिने नुसतं पोहणं होतं.

पाण्यात उतरणं हा वॉस्पचा सगळ्यात चांगला भाग. फॉइल उभ्या वर सरकवता येतात, त्यामुळे बोट ट्रॉलीवरून नेहमीच्या डिंगीसारखी नेता येते. मॉथ आडवी करून, फॉइल खोवलेल्या अवस्थेत खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात जावं लागतं. वॉस्प घेऊन छातीएवढ्या पाण्यापर्यंत जा, मुख्य फॉइल पूर्ण खाली बसवा, ती अडकली आहे हे हाताने चाचपून बघा, मग सुकाणू, आणि वाँड हलवून फ्लॅपची हालचाल पुन्हा एकदा. फॉइल अर्धवट बसली असताना चढलात आणि पाण्याखाली वाळूचा दांडा असला, तर वाकलेलं ॲल्युमिनियम सरळ करायचा नाद करू नये. पातं थोडं जरी पिळलेलं राहिलं तर बोट एका अंगाला ओढत राहते.

हल अरुंद आहे. थांबलेली बोट स्वतःच्या जोरावर उभी राहत नाही. वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित पाण्याला टेकवून, मेनशीट (शीड ओढायची दोरी) सैल सोडून बसायचं. ज्यांना हेच नको असेल त्यांनी यूएफओ नावाची दोन हलची फॉइलिंग बोट बघावी. ती थांबलेली असतानाही सरळ तरंगते.

उडण्यासाठी 8 ते 10 नॉट वारा हवा, जड माणसाला त्याहून थोडा जास्त. दिशा बीम रीचची, म्हणजे वारा काटकोनात, किंवा त्याहून जरा खाली. शीड थोडं भरदार ठेवा, कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) सैल. वजन बाहेर टाका, मेनशीट एका लयीत ओढा आणि बोट वाऱ्याच्याच बाजूला झुकवा. साध्या डिंगीत बोट सपाट ठेवायची सवय असते, ती इथे नडते. हल सुटताना वेग अचानक वाढतो, जाणवणारा वारा पुढून येऊ लागतो, आणि नवखा घाबरून मेनशीट सोडतो. शिडाचा जोर जातो, बोट त्याच्याच अंगावर कोसळते. तिथे मेनशीट उलट थोडी आत घ्यायची असते, आणि उडाल्यावर कनिंगहॅम व व्हँग (शिडाचा खालचा दांडा खाली ओढणारी दोरी) ओढून शीड चपटं करायचं असतं.

आपटण्याचे प्रकार कारणावरून ओळखता येतात. 'फस्स' असा आवाज येऊन बोट अचानक खाली बसली, तर फॉइलचं टोक पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढली गेली आहे. उंची कमी करा. वाऱ्याच्या झोतात वारा पाठीकडे घेत वळताना नाक रुतलं, तर वजन पुढे होतं किंवा वळण फार आकसून घेतलं. लाटांवर पोट आपटत असेल तर उंची वाढवा. दिशा बदलायला आधी जाइब (वारा पाठीमागून घेत वळणं) शिका, उडत टॅक (नाक वाऱ्यातून नेत वळणं) घेणं पुष्कळ पुढची गोष्ट. हेल्मेट, फ्लोटेशन जॅकेट, पूर्ण पायांचे कपडे आणि दोरी कापायचा सुरा यांत तडजोड नको. वॉस्पची पाती कार्बनइतकी धारदार नसली तरी 20 नॉटने येणारी कड हाड मोडू शकते. मदतीच्या बोटीने फॉइलच्या बाजूने जवळ यायचं नाही, हे चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

आपल्या पाण्यात ही बोट चालेल का? मुंबईत मोसम ऑक्टोबर ते मे, आणि त्यातही मार्च-एप्रिलमधला दुपारचा वायव्येचा वारा तिच्या मापाचा. अडचण पाण्याची आहे. उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो, म्हणून निघण्याची आणि परतीची वेळ भरतीच्या तक्त्यावरून ठरवावी. ओहोटीला चिखलातून फॉइलची बोट ओढत आणणं अशक्य नाही, पण करू नये. बंदरातलं तरंगतं प्लास्टिक फॉइलच्या उभ्या दांड्यावर अडकतं आणि वेग एकदम खाली बसतो, कोळ्यांची जाळी तर त्याहून वाईट. जाळ्यांचे बोये दिसले की लांबून वळसा घ्यावा, जाळं फाडलं तर नुकसान त्यांचं होतं. पुण्याजवळच्या धरणांत पाणी सपाट मिळतं, पण डोंगरांमुळे वारा तुटक येतो आणि उन्हाळ्यात पातळी उतरली की बुडालेले खडक, झाडांचे बुंधे वर येतात. किमान दोन मीटर खोली असल्याची खात्री नसेल तिथे उडू नये.

ॲल्युमिनियम, कार्बन आणि स्टेनलेस स्टील एकत्र आले आणि खारं पाणी मिळालं की ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते. स्क्रू बसवतानाच गंजरोधक पेस्ट लावावी. दर वेळी गोड्या पाण्याने धुवावं, फॉइल केसमध्ये, म्हणजे हलमधल्या फॉइलच्या खाचेत, पाणी सोडावं, आणि बोट आठवडाभर पडून राहणार असेल तर फॉइल काढून ठेवावी. केसमध्येच राहिलेली फॉइल मीठ आणि वाळूने अशी घट्ट बसते की हातोडीची आठवण होते.

सुटे भाग परदेशातून येतात आणि कस्टममध्ये किती दिवस जातील याचा नेम नसतो. बोटीबरोबरच दोन वाँड, पाच-सहा मीटर इलॅस्टिक, पुशरॉडची टोकं, पंखांच्या पिना आणि 4 मिमी दोरीचं एक बंडल मागवून ठेवावं. सेकंडहँड घेत असाल तर रंगापेक्षा तीन जागा बघा: फॉइल केसच्या कडा, सुकाणूची मागची चौकट जिथे हलला जोडली आहे तो भाग, आणि मास्ट बसते ती खोबण. तिथे केसासारखी जरी चीर दिसली तरी मालकाला बोट उलटी करून दाखवायला सांगा.