फिट की डीएनए चाचणी? घरी नमुना देण्याआधी

आतड्याच्या कर्करोगाची तपासणी करायची आहे, पण थेट कोलोनोस्कोपीला (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं बघण्याला) मन धजावत नाही, अशांसाठी घरी मलाचा नमुना घ्यायच्या दोन किटांबद्दल हे लिहितोय: एक फिट, म्हणजे मलातलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी, आणि दुसरी मलाची डीएनए चाचणी. वय ४५च्या पुढे, कसलाही त्रास नाही आणि घरात कुणाला हा आजार झालेला नाही, असं धरून चाललोय. शौचातून रक्त दिसत असेल, विनाकारण वजन उतरत असेल, रक्तात लोह कमी निघालं असेल किंवा पूर्वी पॉलिप (आतड्यातल्या गाठी) काढलेले असतील, तर या किटच्या भानगडीत पडू नका. सरळ डॉक्टरांकडे जा.

मलातलं रक्तच शोधणारी जुनी ग्वायक चाचणी मी विचारातच घेतली नाही. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या, त्याआधी लाल मांस आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद करा, आणि एवढं करूनही रक्त माणसाचं की खाल्लेल्या मांसातलं हे तिला कळत नाही. फिट फक्त मानवी हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन हे प्रथिन ओळखते. जठरात किंवा वरच्या भागात रक्त आलंच, तरी त्यातलं ग्लोबिन खाली येईपर्यंत बरंचसं पचून जातं, त्यामुळे फिटचा रोख मोठ्या आतड्यावरच राहतो. पथ्यही नाही.

तेव्हा खरी निवड फिट आणि डीएनए चाचणी यांच्यातली. डीएनए चाचणी रक्ताबरोबरच गाठीतून झडलेल्या पेशींमधले जनुकीय बदलही शोधते. म्हणजे तिच्या पोटात एक फिट असतेच. कागदावर ती सरस आहे, यात वाद नाही. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १०,००० लोकांवरच्या अभ्यासात कर्करोग निघालेल्या ६५ जणांपैकी तिने ६० पकडले आणि फिटने ४८. कर्करोगाच्या वाटेवर असलेल्या मोठ्या गाठींमध्ये हेच प्रमाण साधारण ४२ टक्के आणि २४ टक्के असं होतं. हे आकडे वाचून मीही आधी डीएनएच मागवली.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र लोक फारसा सांगत नाहीत. ज्यांच्या आतड्यात काळजी करण्यासारखं काही नव्हतं, त्यांच्यापैकी डीएनए चाचणीने १३ टक्क्यांना पॉझिटिव्ह ठरवलं आणि फिटने ५ टक्क्यांना. अमेरिकेत २०२४मध्ये मान्यता मिळालेल्या सुधारित चाचणीत हा घोळ कमी झालाय, पण फिटच्या खाली आलेला नाही. आणि कुठलीही चाचणी पॉझिटिव्ह आली, की कोलोनोस्कोपी चुकत नाही. ती करणारच नाही असं ठरलेलं असेल, तर दोन्हींना तसा अर्थ नाही.

तरी माझा निर्णय आकड्यांनी झाला नाही. तो खोक्याने केला.

फिटच्या किटमध्ये बोटाएवढी नळी असते. तिच्या झाकणाला आतून एक काडी, काडीच्या टोकाला बारीक खाचा. खाचा भरतील इतकाच मल खरवडून घ्यायचा, काडी पुन्हा नळीत सारायची आणि झाकण घट्ट बसवायचं. मिनिटभराचं काम. डीएनएला सगळाच्या सगळा मल लागतो. कमोडवर चौकट बसवा, तिच्यात डबा ठेवा, त्यातच बसा. मग छोट्या नळीसाठी थोडा नमुना काढा, उरलेल्यावर द्रावणाची अख्खी बाटली ओता, डबा आवळून बंद करा आणि खोक्यात भरा. किळस वगैरे ठीक आहे, या वयात ती कसली! खरी कटकट पुढे आहे. माझ्या किटचा नमुना ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा होता. म्हणजे सुट्टीच्या तोंडावर पोट साफ झालं तर उपयोग नाही, पोट बिघडलं असेल तर नाही, मूळव्याधीचं रक्त जात असेल तर नाही. कुरिअर येणार त्या दिवशी माझं आतडं हटकून संपावर आणि कुरिअर बंद त्या दिवशी कमालीचं उत्साही. न्हाणीघरात ते खोकं दिवसेंदिवस पडून, आणि घरातला प्रत्येक जण येता-जाता विचारणार, ‘झालं का?’

हे होतं तरी तीन वर्षांतून एकदाच, असं डीएनएवाले म्हणतील, आणि ते खरं आहे. फिट दरवर्षी करावी लागते. वर्षाची तारीख हमखास चुकवणाऱ्याला कदाचित डीएनएच सोयीची पडेल. पण गाठीतून रक्त रोज येतंच असं नाही. दरवर्षी तपासलं तर या वर्षी निसटलेलं पुढच्या वर्षी सापडायची संधी असते. मला तरी एका बारीक डोळ्याच्या चाळणीपेक्षा दरवर्षी हातात घेतली जाणारी जरा जाड चाळणी बरी वाटते. डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

फिटच घ्यायचं ठरलं, तर दोन गोष्टी सांभाळा. मल कमोडच्या पाण्यात पडायच्या आत नमुना घ्या, त्यासाठी खाली कागद किंवा भांडं धरलं तरी चालतं. आणि नळी उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका, उष्णतेने हिमोग्लोबिन विघटित होतं आणि असलेलं रक्तही चाचणीत दिसत नाही. नळीवर तारीख घालून ती त्याच दिवशी पाठवून द्या.