बिनवासाची धुणीभांडी, नऊ महिने: एका घरातल्या तिघांचे त्रास आणि तीन वेगळी कारणं

आधी निकाल सांगून टाकतो, कारण असे लांबलचक अनुभव वाचताना मलाही तोच आधी हवा असतो. गेले नऊ महिने आमच्या घरात कपडे, भांडी, फरशी आणि अंघोळ, सगळ्यासाठी बिनवासाच्या वस्तू वापरात आहेत. आईची अर्धशिशी महिन्यातल्या आठ-नऊ दिवसांवरून तीन-चारवर आली. लेकीच्या छातीतली घरघर जवळपास थांबली. बायकोचे हात मात्र पहिले तीन महिने सुधारले तर नाहीतच, उलट जास्त बिघडले. त्या हातांबद्दल मी बरंच लिहिणार आहे, कारण आमची खरी चूक तिथे झाली होती.

पूर्वी ही सगळी खरेदी मीच करायचो आणि झाकण उघडून वास घेऊनच करायचो. धुतलेल्या कपड्यांना वास आला म्हणजे ते स्वच्छ झाले, असं माझं पक्कं गणित होतं. आई म्हणायची, "अरे, न्हाणीघरात काय मारलंस? डोकं फुटतंय." मला तर काहीच जाणवायचं नाही. रोजच्या वासाला नाक सरावतं आणि तो कळेनासा होतो, हे मला ठाऊक नव्हतं. मला येत नाही म्हणजे वास नाहीच, असं धरून मी वर्षभर आईचं म्हणणं मनावर घेतलं नाही. त्याचं वाईट वाटतं. सगळं बंद करून दोन महिने झाल्यावर एकदा शेजारच्या दोरीवरच्या कपड्यांचा वास खिडकीतून आत आला आणि माझंच कपाळ जड झालं. आई काय सोसत होती ते तेव्हा कळलं.

सुरुवात कपड्यांपासून केली. इथे एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: नवी पावडर आणली म्हणून जुना वास जात नाही. कंडिशनर कपडा मऊ करतो तो धाग्यावर एक थर चढवून, आणि तो थर एका धुण्यात निघत नाही. काही कंडिशनरमध्ये तर सुगंध सूक्ष्म कुप्यांत भरलेला असतो. कपडा अंगावर घासला की त्या फुटतात, त्यामुळे धुऊन आठवडा झाला तरी वास ताजाच राहतो. आमच्या चादरींना पाच-सहा धुणी लागली, टॉवेलांना त्याहून जास्त. मशीनच्या दाराचं रबर आणि पावडर टाकायचा कप्पा हे दोन चोर वेगळेच. कप्पा बाहेर काढून ब्रशने घासला, रबराच्या घडीत फडका फिरवला, मग धुण्याचा सोडा टाकून गरम पाण्यावर मशीन दोनदा रिकामंच चालवलं. कुणी हा प्रयोग करणार असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणून सोडून देऊ नका.

कंडिशनर बंद केल्याचा एक फायदा लगेच दिसला. टॉवेल पाणी टिपायला लागले. थरामुळे ते नुसतं पाणी पसरवत होते, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. सुती कपडे थोडे कडक वाळतात, पण दोरीवर घालताना जोरात झटकले की चालून जातं.

बिनवासाच्या पावडरीचा खरा कमकुवतपणा म्हणजे घामट, कृत्रिम धाग्याचे कपडे. खेळाचे टीशर्ट धुऊन वाळले तरी बगलेत तो आंबूस दर्प राहतो. सुगंधी साबण तो दर्प काढत नव्हता, झाकत होता, हे मान्य. तरी रोजच्या वापरात ही अडचण आहेच. असे कपडे आम्ही आता उलटे करून तासभर कोमट पाण्यात भिजवतो आणि सावकाश वाळू न देता मोकळ्या हवेत टाकतो. बरंच जमतं, पूर्ण नाही.

भांड्यांचं आणि फरशीचं थोडक्यात सांगतो. भांडी तशीच निघतात. फरशी पुसल्यावर पुसल्यासारखी वाटत नाही ही सवयीची बाब आहे, महिन्याभरात जाते.

आईचा फरक सहाव्या आठवड्यापासून जाणवायला लागला. ती डोकेदुखीची नोंद वहीत ठेवते, म्हणून आकडे अंदाजाने देत नाहीये. चौथ्या महिन्यात एक घसरण झाली आणि तिला कारण मीच. 'नैसर्गिक, वनस्पतींच्या तेलांपासून' असं लिहिलेलं लॅव्हेंडरचं फरशीचं लिक्विड मी आणलं. रासायनिक सुगंध नाही, मग काय हरकत, असं वाटलं. दोनदा फरशी पुसली, दोन्ही वेळा आई संध्याकाळपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून होती. नाकाला आणि मेंदूला रेणू कळतो, तो झाडातून आला की कारखान्यातून हे कळत नाही. लॅव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनिन ही द्रव्यं तर हवेशी संयोग पावली की त्यांची जी रूपं तयार होतात ती त्वचेला मूळ द्रव्यापेक्षा कितीतरी जास्त ॲलर्जी देतात. म्हणजे उघडून महिनोन् महिने ठेवलेली बाटली ताज्या बाटलीपेक्षा वाईट. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲन स्टाइनमन यांच्या गटाने २५ सुगंधी वस्तू तपासल्या, तेव्हा त्यांतून मिळून १३३ वेगवेगळी बाष्पनशील द्रव्यं बाहेर पडताना सापडली होती, आणि 'हरित' म्हणवणाऱ्या वस्तू त्या बाबतीत फारशा वेगळ्या नव्हत्या. ही माहिती मला बाटली आणल्यानंतर मिळाली.

लेकीचं कारण वेगळंच निघालं. ती सात वर्षांची आहे, बालदम्यासाठी तिचा इनहेलर सुरू आहे. आम्ही सुगंध बंद केला तरी आठवड्यातून एकदा, बहुतेक रविवारी संध्याकाळी, तिला खोकला आणि घरघर व्हायचीच. रविवारी काय होतं? मी आरसे, खिडक्या आणि न्हाणीघराच्या फरशा साफ करतो, आणि ते करतो स्प्रेने. तो स्प्रे बिनवासाचाच होता. डॉक्टरांनी विचारलं, "फवारता की फडक्यावर घेता?" या प्रश्नाने सुटका केली. फवाऱ्याचे बारीक थेंब हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर आत खोल जातात. तेच लिक्विड फडक्यावर ओतून पुसलं तर त्यातलं फार थोडं हवेत जातं. युरोपातल्या १० देशांमधल्या साडेतीन हजारांच्या आसपास प्रौढांच्या पाहणीत, आठवड्यातून एकदा तरी घरात सफाईचे स्प्रे वापरणाऱ्यांमध्ये दम्याची लक्षणं जास्त आढळली होती. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मोठ्यांवरचा आहे, मुलांवरचा नाही, तरी आमच्या घरापुरतं मला तेवढं पुरलं. मी लिक्विड तेच ठेवलं, फक्त फवारणं सोडलं. त्यानंतरच्या पाच महिन्यांत रविवारची घरघर एकदाच झाली, तीही सर्दी असताना. इनहेलर मात्र आम्ही आपल्या मनाने कमी केला नाही. तो डॉक्टरांनी तपासून कमी केला.

मधेच एक धोक्याची गोष्ट. बाजारच्या बाटल्या टाळायच्या म्हणून मी व्हिनेगर वापरायला लागलो आणि एकदा संडासात ब्लीच पडून असताना वर व्हिनेगर ओतलं. ब्लीच आणि कोणतंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. घसा सोलल्यासारखा झाला, डोळ्यांतून पाणी, मी दार ओढून बाहेर पळालो. लेक तेव्हा घरात नव्हती हे नशीब. ब्लीच अमोनिया असलेल्या वस्तूबरोबरही कधी मिसळू नका, त्यातूनही विषारी वायू निघतात. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, हा माझा समज त्या दिवशी संपला. आता ब्लीच घरातच ठेवत नाही.

आता बायकोचे हात. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटाजवळ इसब, भेगा, रात्री खाज इतकी की झोप मोडायची. आम्ही धरून चाललो होतो की सुगंधच कारण. म्हणून भांड्यांचं लिक्विड, हात धुण्याचा साबण, कपड्यांचं लिक्विड, सगळं 'सुगंधविरहित, संवेदनशील त्वचेसाठी' असलेलं आणलं. तिसऱ्या आठवड्यात भेगांतून रक्त यायला लागलं. ती म्हणाली, "जुनंच बरं होतं, निदान वास तरी चांगला होता." मी तिला अजून थोडे दिवस थांबायला सांगितलं. थांबायला नको होतं.

तिसऱ्या महिन्यात त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांतून एकेक संशयित द्रव्य चिकटवतात, पट्ट्या ४८ तास तशाच ठेवतात, पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. पट्ट्या काढल्यावर एकदा बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात, कारण ही ॲलर्जी उशिरा उमटणारी असते. पहिल्या दिवशी नुसती पुसट लाली होती. दुसऱ्या वेळी एका चौकोनात लाल, उंचावलेली आणि बारीक फोड आलेली जागा स्पष्ट दिसली. सुगंधांच्या मिश्रणाचे चौकोन मात्र स्वच्छ. तिला सुगंधाची ॲलर्जी नव्हतीच. तिला मिथाइलआयसोथायझोलिनोनची होती.

हे नाव आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ते सुगंधद्रव्य नाही, लिक्विड नासू नये म्हणून घालायचं परिरक्षक आहे. पाणी आलं की त्यात जंतू वाढणार, म्हणून कुठलं तरी परिरक्षक लागतंच. हे द्रव्य इतक्या लोकांना बाधायला लागलं होतं की अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञ-संस्थेने २०१३ मध्ये त्याला 'वर्षाचं ॲलर्जन' ठरवलं. युरोपीय महासंघाने लावून ठेवायच्या प्रसाधनांमध्ये त्यावर २०१७ पासून बंदी आणली आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ०.००१५ टक्क्यांची मर्यादा घातली. मी नव्याने आणलेल्या वस्तू काढून बघितल्या: भांड्यांचं लिक्विड, हात धुण्याचा साबण, कपड्यांचं लिक्विड आणि ओले टिश्यू (वेट वाइप्स). चारही 'सुगंधविरहित', चारहींत तेच. लेबल खोटं नव्हतं, सुगंध खरंच नव्हता. पण लेबलवरच्या 'संवेदनशील त्वचेसाठी' या शब्दांवर मी जो भरवसा टाकला त्याला काही आधार नव्हता, आणि त्याचा राग मला अजून आहे. 'हायपोॲलर्जेनिक' या शब्दाचंही तसंच. अमेरिकेत त्यासाठी कायद्याने ठरवलेलं मोजमापच नाही.

उपाय सोपा निघाला. पाणी नाही तिथे या परिरक्षकाची गरज नाही. लिक्विडऐवजी कोरडी पावडर आणि साबणाची वडी. भांड्यांसाठीही वडीच. आणण्याआधी घटक वाचायचे, आणि शेवटी '-आयसोथायझोलिनोन' असलेलं कोणतंही नाव दिसलं, मग पुढे मिथाइल असो, क्लोरो असो वा बेन्झ, की ठेवून द्यायचं. धुण्याच्या वस्तूंवर सगळे घटक छापण्याची सक्ती सगळीकडे नसते. अशा वेळी मी कंपनीकडून सुरक्षा माहितीपत्रक मागवतो. ते नाही मिळालं तर वस्तू घेत नाही.

हातमोज्यांबद्दल दोन शब्द. रबरी हातमोज्यांतल्या रसायनांनीही काहींना इसब होतं, आणि आत घाम साचला तर चांगली त्वचाही बिघडते. बायको आत पातळ सुती मोजे घालते आणि वीस मिनिटांच्या वर सलग घालत नाही. कामानंतर बिनवासाचं साधं मलम. पावडर आणि वडीवर गेल्यापासून दोन महिन्यांनी भेगा भरल्या. त्वचेची बाहेरची भिंत परत उभी राहायला तेवढा वेळ लागतो, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. उजव्या हाताच्या करंगळीजवळ अजून एक कोरडा पट्टा आहे, थंडीत तो लाल होतो.

सगळं एकदम बदललं याचा मला आता पश्चात्ताप होतो. एकेक वस्तू, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने काढली असती आणि वहीत लिहीत गेलो असतो, तर लेकीचा स्प्रे पहिल्याच महिन्यात सापडला असता, आणि बायकोच्या हातांवर नव्या लिक्विडचा परिणाम होतोय हे तीन आठवड्यांत कळलं असतं. आईच्या वहीने आम्हाला जे शिकवलं ते आम्ही बाकी दोघींसाठी केलं नाही.

'बिनवासाचं' निवडताना आणखी एक बघा. लेबलवर 'वास नाही' असं असेल, तर कधी कधी मूळ वास दाबायला आत दुसरं सुगंधद्रव्य घातलेलं असतं. 'सुगंधद्रव्य घातलेलं नाही' असं असेल तर गोष्ट वेगळी. घटकांच्या यादीत 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' हा एकच शब्द डझनावारी द्रव्यांसाठी चालतो, म्हणून यादीत तो शब्द शोधा, दर्शनी अक्षरांवर जाऊ नका. डांबराच्या गोळ्याही आम्ही कपाटातून काढल्या. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने फुटू शकतात, आणि तान्ह्या बाळांना त्या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांतूनही हा त्रास होऊ शकतो. आमच्याकडे तान्हं बाळ नाही, पण बहीण तिच्या बाळाला घेऊन येते.

पुढच्या महिन्यात एका खोलीला रंग द्यायचा आहे आणि त्याचीच आता काळजी आहे. पाण्यावर आधारलेल्या भिंतीच्या रंगांतही हेच आयसोथायझोलिनोन घालतात आणि ते ओल्या भिंतीतून काही आठवडे हवेत येत राहतं. ज्यांना आधीच ॲलर्जी आहे त्यांच्या चेहऱ्यावर आणि पापण्यांवर त्याने सूज येऊ शकते. सिलिकेटचे रंग मुळातच फार अल्कधर्मी असतात, त्यामुळे त्यांतले काही या परिरक्षकाशिवाय मिळतात. मी माहितीपत्रकं मागवली आहेत. कोणता रंग घेतला आणि बायकोच्या डोळ्यांना काय झालं ते रंग वाळल्यावर इथेच लिहीन.