फोन, सरकारी दवाखाना की गुरुवारची ताई?

झोप उडालेली, छातीत धडधड, ईसीजी काढला तर नॉर्मल, आणि डॉक्टर म्हणाले, 'मनाला लावून घेऊ नका.' इथवर आलेल्या माणसासाठी हे लिहितोय. देवाला गाऱ्हाणं घालून, कौल लावून झालं असेलच. मीही लावला होता. कौल उजवा मिळाला, झोप काही मिळाली नाही. मी बंदरावर बर्फाचा टेम्पो चालवतो. खासगी डॉक्टरकडे दर आठवड्याला जाऊन बोलत बसणं खिशाला झेपणारं नाही, तेव्हा ते सोडूनच देऊ. उरले तीन मार्ग, आणि तिन्ही मी करून पाहिलेत.

आधी फोन. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेला. चोवीस तास, मराठीतही, फुकट. अशा आणखीही हेल्पलाइन आहेत. त्यांतल्या एकीवर मी महिनाभर बोललो. कुठली ते सांगत नाही, कारण बोलणाऱ्यांची काही चूक नव्हती. आमच्या पाखाडीत घरात बोललेलं शेजारच्या पडवीत ऐकू जातं, त्यात रेंजची बोंब. म्हणून टेम्पो वर सड्यावर न्यायचा, काचा लावायच्या आणि बोलायचं. मागं हौद्यातून बर्फाचं पाणी टपटपतंय, माल पोचवायचा राहिलाय. पहिल्या दिवशी फार हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वेळी आवाज वेगळा. 'सर, काय त्रास होतोय ते सुरुवातीपासून सांगाल का?' सांगितलं. तिसऱ्या वेळी तिसराच आवाज, पुन्हा सुरुवातीपासून. माझी सुरुवात म्हणजे भावाची बोट, तिच्यावरच्या सोसायटीच्या कर्जाला मी राहिलेला जामीन, आणि तो न सांगता घर सोडून गेला ती पहाट. एवढं सांगायलाच वीस मिनिटं जातात आणि पुढे दिवसभर स्टिअरिंगवर हात थरथरतात. चौथ्या वेळी सगळं पाठ असल्यासारखं घडाघडा म्हणून टाकलं. ठेवताना वाटलं, पोलीस चौकीत जबानी देऊन आलो. पुन्हा नाही लावला.

सरकारी दवाखान्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं ठरलेल्या वारी येतात. वार आधी विचारून घ्या, नाहीतर फेरी फुकट. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. लोक बिचकतात ते रत्नागिरीच्या नावाला. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक तिथे, त्यामुळे 'याला रत्नागिरीला न्यायला हवं' ही चेष्टा आपण लहानपणापासून ऐकलेली. तालुक्याच्या ओपीडीत जाणं म्हणजे ते नव्हे. गोळ्या लागणार असतील तर इथेच जावं असं मी म्हणेन. मला तिथल्याच गोळ्यांनी झोप लागली. बोलण्याचं मात्र विसरा. डॉक्टरांसमोर पन्नास माणसं, तुमच्या वाट्याला पाच मिनिटं, दार उघडं, आणि रांगेत वाडीतली काकू भेटते ती वेगळीच.

राहिली ताई. एका संस्थेची समुपदेशक, दर गुरुवारी दहा ते एक, शाळेमागच्या खोलीत. दाराजवळ पत्र्याचा डबा, जमेल ते टाकायचं. मी कधी वीस टाकतो, कधी पन्नास, मासळी बरी लागली की शंभर. नाही टाकले तरी कुणी बघत नाही. खोलीला पंखा नाही. समोरच दूध डेअरी, त्यामुळे आत कोण गेलं ते सकाळच्या दुधाबरोबर घराघरांत पोचतं. शिवाय ताई माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी मला तेही खुपलं.

दुसऱ्या गुरुवारी मी खुर्चीत टेकतोय तोवर तिनं वही उघडली आणि म्हणाली, 'दादा, भावाचा फोन आला का? आणि सोसायटीत जाणार होतात, जाऊन आलात?'

मला वाटतं माझं तिथंच ठरलं. बोट, कर्ज, पहाट, काहीच परत सांगावं लागलं नाही. तासभर आम्ही फक्त सोसायटीच्या सचिवाशी काय बोलायचं ते बोललो, कारण दोन महिने मी त्या दारावरून टेम्पो न थांबवता पुढे नेत होतो. पुढच्या मंगळवारी थांबवला.

आता माझ्यावरून तुम्ही ठरवावं असं नाही. अशी खोली प्रत्येक वाडीत नसते, आणि संस्थेचा प्रकल्प संपला की ताईही जाणार. 'समुपदेशक' अशी पाटी लावून बसणारेही काही असतात, काय शिकलात ते विचारायला लाजू नका. आमची ताई मानसशास्त्रात एमए आहे. डेअरीसमोरून जायला जीव धजत नसेल, तर फोन वाईट नाही. एकदाच मन मोकळं करायचंय त्याला तर तो पुरेसाही होईल. आणि रात्री दोनला जीव नकोसा झाला तर गुरुवारची वाट बघायची नाही, १४४१६ लावायचा. पोलीस केस होईल म्हणून घरचे अशी गोष्ट दाबून ठेवतात. पण २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायला सांगतो, त्याला शिक्षा करायला नाही.

ताईकडे जायचं ठरवलंत तर मे संपायच्या आत जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खलाशी सगळे घरी. तेव्हा त्या खोलीबाहेरच्या बाकावर टेकायला जागा मिळत नाही.