पोरो की रूफ? दोन्ही दुर्बिणी पावसाळ्यातून काढल्यावर

घरात सध्या दोन दुर्बिणी आहेत, ८×४० पोरो आणि ८×४२ रूफ (८ म्हणजे किती पट मोठं दिसतं, पुढचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये). दोघींची किंमत जवळपास सारखी, म्हणून तुलना रास्त ठरते. दुकानात सगळी चर्चा किती पट मोठं दिसतं यावरच होते. माझं म्हणणं, आधी प्रिझम, म्हणजे उलटं चित्र सरळ करणारी आतली काच, ठरवा; पोरो आणि रूफ हे तिचेच दोन प्रकार.

पोरो म्हणजे खांद्यात रुंद असलेली जुन्या घडणीची दुर्बीण. इग्नात्सिओ पोरो या इटालियन माणसाने १८५४ मध्ये या प्रिझमरचनेचं पेटंट घेतलं. यात प्रकाश काचेच्या आतच पूर्ण परावर्तित होतो, आरशासारखा मुलामा लागत नाही, त्यामुळे कमी पैशातही चित्र लख्ख मिळतं. शिवडीला भरतीच्या सुमारास रोहित (फ्लेमिंगो) किनाऱ्याकडे सरकले की हा फरक लगेच जाणवतो. पुढची भिंगं एकमेकांपासून लांब असल्याने थव्यातला कोणता पक्षी पुढे, कोणता मागे, हे पोरोत सुरेख कळतं. छोट्या रोहितची काळपट लाल चोच आणि मोठ्याची काळ्या टोकाची गुलाबी चोच माझ्या पोरोत जास्त स्वच्छ दिसते.

रूफच्या नळ्या सरळ, हातात छान बसतात. मेख आहे ती प्रिझमच्या छपरासारख्या धारेत. तिथे प्रकाशाचे दोन भाग होतात आणि पुन्हा एकत्र येताना त्यांच्या फेजमध्ये (प्रकाशलहरींच्या तालात) फरक पडतो, म्हणून बारकावे बोथट होतात. त्यावरचा उपाय, फेज कोटिंग म्हणजे त्या धारेवरचा खास थर, झाइस या जर्मन कंपनीने १९८८ मध्ये आणला. शिवाय बहुतेक रूफमध्ये श्मिट-पेखान नावाच्या रचनेचं प्रिझम असतं आणि त्याच्या एका बाजूला आरशाचा मुलामा द्यावाच लागतो. ॲल्युमिनियमपेक्षा चांदीचा बरा, डायइलेक्ट्रिक (धातूऐवजी अनेक पातळ पारदर्शक थरांचा) सर्वांत उत्तम. खोक्यावर फेज कोटिंगचा उल्लेखच नसेल तर त्या पैशात सरळ पोरो घ्या.

एवढं असूनही जून ते सप्टेंबर माझ्या गळ्यात रूफच असते. साध्या पोरोत फोकसचं चाक फिरवलं की डोळ्याकडची भिंगं आत-बाहेर सरकतात आणि दर वेळी दमट हवा आत ओढली जाते. भांडुप पंपिंग स्टेशन या पक्षी बघायच्या जागेहून भिजून आल्यावर माझ्या पोरोच्या आत वाफ धरली होती; मुंबईच्या हवेत त्यापुढची पायरी म्हणजे बुरशी. आता ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात राहते. रूफमध्ये फोकसचं भिंग आतल्या आत हलतं. माझी नायट्रोजन भरून सीलबंद केलेली आहे, पावसात तिने एकदाही दगा दिला नाही. (सीलबंद पोरोही मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच दुर्बिणींत दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगवेगळा लावावा लागतो. उडत्या पक्ष्यामागे ते जमत नाही.) लोकलच्या गर्दीत धक्के बसतात, तिथेही रूफ निर्धास्त. पोरोची प्रिझमं जरा हलली की एकाची दोन चित्रं दिसू लागतात. आणि नॅशनल पार्कात दोन मीटरवरचं फुलपाखरू पाहायचं असेल तर माझी पोरो तिथे कामाचीच नाही, इतक्या जवळ तिचा फोकस लागत नाही.

पोरो घेताना एक बघा. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे करा आणि डोळ्याकडच्या भिंगातली प्रकाशाची टिकली पाहा. ती पूर्ण गोल असेल तर प्रिझम बहुधा बाक-४ (BaK-4) या चांगल्या प्रतीच्या काचेचं आहे. कडा कापल्यासारख्या, करड्या दिसल्या तर दुसरी दाखवायला सांगा.